गाडी मिसिंग करते तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं वाढवून)

मागच्या खेपेला आम्ही आमच्या गटाच्या गाडीचं कर्ज, परमिट आणि विमा यांबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणींचे निरोप आले. कागदपत्रांचं कळलं, पण गाडी बिघडली की गॅरेजवाला सांगेल ते खरं मानायचं का, असं विचारलं होतं. हा प्रश्न आमच्या वर्मी लागला, कारण त्याच आठवड्यात आमची गाडी बिघडलेली होती आणि आम्ही अगदी तेच करायच्या बेतात होतो.

मागचं ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही अकराजणी, सिन्नर तालुक्यातल्या वस्त्यांवर राहणाऱ्या. गटातून कर्ज काढून जुनी व्हॅन घेतली, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. सकाळी तीन वस्त्यांवरच्या मुली हायस्कूलला सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. मधल्या वेळात भाजीच्या जाळ्या, दवाखान्याचं माणूस, कधी नाशिकची खेप. आमच्यातल्या दोघी गाडी चालवतात, बाकीच्या हिशेब आणि फेऱ्या बघतात. महिन्याचा हप्ता ९,४०० रुपये. गाडी एक दिवस उभी राहिली तरी वहीत दिसतं.

झालं असं, की नाशिकहून परत येताना मोहदरी घाटाच्या चढाला गाडीने धापा टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या गिअरात जो चढ सहज निघायचा, तिथे दुसरा टाकावा लागला. घरी येऊन गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं, तर सीट थडथडायला लागली. आरसा हलत होता. मागे सायलेन्सरजवळ उभं राहिलं तर पेट्रोलचा कच्चा वास. आणि आवाज! नेहमीचा एकसारखा घुमारा नाही. धक, धक, धक, मग मध्येच एक पोकळी. पुन्हा धक, धक, धक, पोकळी. रेस दिली की थोडं सावरायचं, सोडली की पुन्हा तेच. गॅरेजच्या भाषेत याला गाडी मिसिंग करते म्हणतात.

आता हे मिसिंग म्हणजे काय? आमच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. हा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर नव्हे. जाड लोखंडी नळी समजा, आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. प्रत्येक पिस्टन चार कामं करतो. हवा आणि इंधन आत ओढतो, ते दाबतो, ते पेटलं की त्याच्या जोराने खाली ढकलला जातो आणि जळलेला धूर बाहेर काढतो. चारही सिलिंडर एकदम पेटत नाहीत, पाळीपाळीने पेटतात. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत पाळी अशी असते: आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात वर जातात ना, तसं समजा. रांगेतली एकजण रिकाम्या हाताने नुसती उभी राहिली, की सगळ्या रांगेचा ताल बिघडतो आणि बाकीच्यांच्या खांद्यावर भार येतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, तेव्हा एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक पेटायचाच थांबला, तर सीट थडथडणार नाही तर काय.

आमची पहिली चूक इथेच झाली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. तो कधी स्थिर असायचा, तर चढावर लुकलुकायचा. आम्ही म्हटलं, दिवाच तर आहे, आणि पुढे नऊ दिवस तशीच गाडी चालवली. मुलींची परीक्षा होती. पण मैत्रिणींनो, त्या दिव्याच्या दोन बोली आहेत. स्थिर असेल तर बिघाड आहे, लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर पाय हलका करा, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि तशीच दामटू नका. कारण जो सिलिंडर पेटत नाही त्यातलं इंधन न जळता तसंच सायलेन्सरच्या नळीत जातं. तिथे धूर स्वच्छ करणारी एक जाळी बसवलेली असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कच्चं पेट्रोल तिथे जाऊन जळतं, जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि आतून वितळू शकते. ती नवी घ्यायची म्हणजे हजारोंनी पैसे. एवढंच नाही, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्येही मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. आमची जाळी वाचली, हे आमचं नशीब. शहाणपण नव्हे.

दहाव्या दिवशी गॅरेज गाठलं. तिथल्या मुलाने आवाज ऐकला आणि म्हणाला, प्लग गेलेत. चार नवे प्लग, थ्रॉटलची सफाई, एअर फिल्टर, मजुरी, सगळे मिळून २,८०० रुपये. गाडी बाहेर काढली तर तशीच थडथडत होती. मग दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथल्या माणसाने मात्र मीटर लावून बघितलं आणि सांगितलं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल. ३८,००० रुपये आणि आठ दिवस.

त्या संध्याकाळी गटाची बैठक बसली. शिल्लक होती १४,०००. कोणी म्हणालं दुसरं कर्ज काढू, कोणी म्हणालं गाडी विकून मोकळ्या होऊ. त्या आठवड्यात मुलींची ने-आण बंदच होती. तीन घरांतून आधीच सांगणं आलं होतं, की गाडी नाही तर पोरगी घरीच बसू दे, नाहीतरी कांद्याच्या रोपाचं काम आहेच. दोन मैल निर्जन रस्त्याने पायी पाठवायला आई-बाप तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर आम्हीही आमच्या पोरींना पाठवलं नसतं.

आमच्यातल्या एकीच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्रीकाका राहतात. त्यांना विचारायला आम्ही बिचकत होतो. त्यांनी जन्मभर डिझेलच्या बस केल्या, ही तर पेट्रोलची व्हॅन. काका म्हणाले, “पोरींनो, प्लग आणि कॉइल मला नवीन असतील, पण व्हॉल्व्ह सगळीकडे व्हॉल्व्हच असतो. उद्या सकाळी गाडी आणा. आणि येताना काही खोलू नका.”

दुसऱ्या दिवशी काकांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी अर्धा तास प्रश्न विचारले. कधीपासून? एकदम झालं की हळूहळू? थंड असताना जास्त की तापल्यावर? उभ्या गाडीत जास्त की पळताना? पाऊस पडला की वाढतं का? कूलंट कमी होतं का? ऑइल खाते का? पांढरा धूर येतो का, निळा येतो का? आम्ही एकमेकींकडे बघत होतो, कारण यातलं निम्मं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. चालवणाऱ्या ताईला मात्र एक आठवलं. ती म्हणाली, एकदम नाही झालं. दोन-तीन महिने उभ्या गाडीत किंचित थरथर होती, मी म्हटलं रस्त्यामुळे काही ढिलं झालं असेल. काकांनी मान हलवली. एकदम झालेल्या बिघाडात वायर, कॉइल यांचा संशय आधी येतो. हळूहळू वाढत आलेल्यात झिजणाऱ्या वस्तूंचा.

मग त्यांनी जे सांगितलं ते दोन इंधनांच्या गाड्या असणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाडी पेट्रोलवर चालवून बघा, मग सीएनजीवर. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. मिसिंग फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलच्या वाटेत खोट आहे, फक्त गॅसवर असेल तर गॅसच्या. मात्र एक लक्षात ठेवायचं, की अशक्त ठिणगी गॅसवर आधी उघडी पडते, कारण गॅस पेटायला ठिणगी जोरकस लागते. दोन्हींवर सारखंच मिसिंग असेल तर इंधनाचा संशय मागे पडतो. उरतात ठिणगी आणि कॉम्प्रेशन. आमची गाडी दोन्हींवर सारखीच थडथडत होती. एक पैसा न घालवता निम्मी वाट कापली गेली. चार प्लग टाकण्याआधी हे कोणी केलं असतं तर!

यानंतरचा प्रश्न होता, चारातला कोणता सिलिंडर आळशी आहे? काका म्हणाले, आधी कोण ते शोधायचं, मग का ते विचारायचं. लोक उलटं करतात. त्यांच्या पुतण्याकडे छोटा स्कॅनर होता, मोबाइलला जोडायचा. स्टिअरिंगच्या खाली एक चौकोनी जागा असते, तिथे तो बसतो. आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांत ही सोय अशी आहे, की इंजिनाचा संगणक मिसिंगची नोंद स्वतः ठेवतो. आकड्यात आली ‘पी ०३०३’ ही नोंद. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. ०३०१ म्हणजे पहिला, ०३०३ म्हणजे तिसरा. ०३०० आलं तर एकच असा नाही, मिसिंग फिरतं आहे. तेव्हा मग हवेची गळती, इंधनाचा दाब अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या.

पण काकांचा मोबाइलवर भरवसा नाही. त्यांनी पुढची सीट उचलायला लावली, आमच्या गाडीत इंजिन तिथेच खाली आहे. गाडी पेट्रोलवर चालू ठेवली आणि एकेका पेट्रोल इंजेक्टरचा प्लास्टिकचा कनेक्टर काढून बघायला सांगितलं. पहिल्याचा काढला, गाडी आणखी अडखळली. म्हणजे पहिला काम करत होता. पुन्हा लावला. दुसऱ्याचा काढला, तसंच. चौथ्याचा काढला, तसंच. तिसऱ्याचा काढला आणि काहीच फरक पडला नाही. जो कामच करत नव्हता त्याला सुट्टी दिल्याने काय फरक पडणार? हे ऐकताना, की खरं तर न ऐकताना, आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पहिल्यांदाच इंजिनाने आमच्याशी सरळ भाषेत बोलल्यासारखं वाटलं.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट असतो. प्लगच्या कॉइलमधून मात्र हजारो व्होल्टची ठिणगी निघते. जुने मेकॅनिक चालू इंजिनात प्लगची वायर उपटून बघायचे, ते आपण अजिबात करायचं नाही. झटका बसतोच, शिवाय गाडीचा संगणकही जळू शकतो. ओढणी, पदर, वेणी, बांगड्या यांचा फिरत्या पट्ट्यापासून बंदोबस्त आधी करायचा. आम्ही पदर खोचून वर दोरीने बांधले होते. गाडी बंद खोलीत चालू ठेवायची नाही, धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही.

तिसरा सापडला. आता का? काकांनी ठिणगीपासून सुरुवात केली, कारण ते बघायला फुकट असतं. इंजिन बंद करून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढली आणि दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बाकी कशाला हात नाही. गाडी चालू करून पुन्हा बघितलं. कॉइल खराब असती तर मिसिंग तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं असतं. गेलं नाही, तिसऱ्यावरच राहिलं. मग दोघांचे प्लग आपसांत बदलले. तरी तिसऱ्यावरच. एका वेळी एकच वस्तू हलवायची, यावर काकांचा फार कटाक्ष. एकीने घाईत प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम काढले तेव्हा तिला असे रागावले, की तिने पुढचा तासभर फक्त पाने हातात दिले.

प्लग बाहेर आलाच होता म्हणून त्याचा रंगही वाचून घेतला. भाजीत मीठ आहे की नाही ते जसं चवीवरून, तसं सिलिंडरच्या आत काय चाललंय ते प्लगच्या टोकावरून. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चिकट तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर सिलिंडर फार तापतोय. आमचा तिसरा नवा प्लग पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगीही होती, तरी आत आग धरत नव्हती. ओलं सरपण फुंकूनही पेटत नाही तशातली गत, पण इथे दोष सरपणाचा नव्हता, चुलीचा होता.

उरलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब. हवा आणि इंधन घट्ट दाबलं गेलं नाही तर ते पेटत नाही. हे दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलंच होतं, तेव्हा आमचे चेहरे उतरले. काकांनी विचारलं, त्याने आकडा सांगितला? चारही सिलिंडरचे? कागदावर? नव्हता सांगितला. मग ओळखीच्या गॅरेजमधून दाब मोजायचा मीटर आणला. इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग काढले, पेट्रोल आणि ठिणगी दोन्हींची जोडणी सोडली, सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. एकीने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि पाच-सहा फेरे होईपर्यंत स्टार्टर मारला. पहिला १७५. दुसरा १८०. चौथा १७५. तिसरा ११०.

काका म्हणाले, “गॅरेजवाला खोटं बोलला नाही. पण त्याने प्रश्न अर्ध्यात सोडला. दाब गेला, बरोबर. कुठून गेला?”

दाब जायला वाटा थोड्याच आहेत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर खालून जातो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर वरून जातो. हेडचं पॅकिंग फाटलं तर बाजूने, आणि तेव्हा बहुतेक वेळा शेजारशेजारचे दोन सिलिंडर बरोबरीने खाली येतात किंवा कूलंट गायब होत राहतं. आमचे दुसरा आणि चौथा धडधाकट होते, कूलंटही जागेवर. मग रिंगा की व्हॉल्व्ह? हाफ इंजिनाचा खर्च मुख्यतः रिंगांसाठी असतो, म्हणून ३८,००० रुपयांचा सगळा निकाल या एका प्रश्नावर होता.

त्यासाठी लागलं चहाच्या चमच्याने दोन चमचे इंजिन ऑइल. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून ते आत सोडलं, स्टार्टर मारून पसरू दिलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असतील तर हे ऑइल फटी बुजवतं आणि आकडा चांगलाच उडी मारतो. आमचा आकडा ११०चा ११५ झाला. रिंगा निर्दोष. प्लग पुन्हा लावून गाडी चालू केली आणि काकांनी सायलेन्सरच्या तोंडाशी वहीच्या कागदाचा तुकडा धरला. चांगल्या गाडीत कागद सारखा बाहेर फडफडतो. आमचा कागद मध्येच आत ओढला जात होता. यावरून अंदाज बांधता येतो, पक्का निकाल नव्हे, पण दोन्ही साक्षी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. आवाज रेस दिली की का सावरायचा, तेही आता कळलं. इंजिन जोरात फिरत असलं की दाबाला निसटायला वेळच कमी मिळतो.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, कारण पुढचं माप थंड इंजिनावरच घ्यायचं असतं. सकाळी वरचं टॅपेट कव्हर काढलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते. ती फट म्हणजे टॅपेटचं अंतर. फार जास्त झालं तर टकटक आवाज येतो, तो ऐकू तरी येतो. कमी झालं तर आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं. हे आम्हाला फार वेगळं वाटलं. फट संपली, की दांडा व्हॉल्व्हला सतत किंचित उघडा धरून ठेवतो. दाराच्या फटीत चप्पल अडकावी आणि दार लागू नये, तसं. फिलर गेज म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पात्यावर जाडी लिहिलेली. तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली सगळ्यात पातळ पातंसुद्धा सरकेना. फट शून्य. पहिल्या आणि चौथ्याचीही पुस्तकात दिली आहे त्यापेक्षा कमी भरली.

असं का होतं? पेट्रोलपेक्षा सीएनजी कोरडा जळतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, ज्याला सीट म्हणतात, मिनिटाला शेकडो वेळा आपटत असतो. कोरड्या गॅसवर ती बैठक जास्त झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि जितका रुततो तितकी वरची फट कमी होत जाते. म्हणून सीएनजीच्या गाडीला टॅपेट तपासणी पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर करायची असते. आमच्या गाडीच्या जुन्या बिलांत टॅपेटचा शब्दच नव्हता. आधीच्या मालकाने केलं नाही, आम्हाला माहीत नव्हतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदललं की काम झालं असं सगळेच समजतात.

आमच्या इंजिनात हे अंतर जुळवायला स्क्रू आणि नट आहे. सगळ्या इंजिनांत नसतो. काहींत पोलादी चकत्या बदलाव्या लागतात, काहींत ऑइलच्या दाबाने अंतर आपोआप राखलं जातं. काकांनी सोळाही व्हॉल्व्ह एकेक करून जुळवले. आम्ही पाळीपाळीने पुली फिरवली आणि गेज धरला. पातं सरकताना लोण्यातून सुरी जावी इतकं सैल नको आणि अडकायलाही नको, किंचित ओढ जाणवली पाहिजे. ही ओढ सांगून कळत नाही, बोटांनाच कळते. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या वहिनीला ती पहिल्याच फटक्यात कळली. धाग्याचा ताण ज्याला कळतो त्याला हे कळतं, असं काकाच म्हणाले.

कव्हरचं नवं पॅकिंग टाकलं, पेट्रोल मिसळलेलं ऑइल बदललं, फिल्टर बदलला. स्टार्टर मारला. पहिली काही सेकंदं अडखळली, आणि मग तो जुना एकसारखा घुमारा. आरसा स्थिर. पुन्हा मोजलं तेव्हा तिसऱ्याचा दाब १६५ आला. खर्च २,३०० रुपये, मीटर आणायला गेलेल्या पेट्रोलसह. काकांनी पैसे घेतले नाहीत, टोमॅटोची एक जाळी घेतली, तीही काकूंनी बोलून बोलून.

एक खरं सांगायला हवं. प्रत्येक वेळी असं स्वस्तात सुटत नाही. व्हॉल्व्ह बराच काळ अर्धवट उघडा राहिला तर त्याची कड जळते, आणि मग स्क्रू फिरवून उपयोग नसतो, हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करावंच लागतं. आमचाही तिसरा अजून बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा आकड्यांनी खाली आहे. काका म्हणतात, पुढच्या तपासणीत फट पुन्हा झपाट्याने कमी झालेली दिसली तर हेडच्या कामाची तयारी ठेवा, पण तेव्हाही हेडचंच काम करा, रिंगांचं नाही. त्यासाठी आम्ही गटात महिन्याला ५०० रुपये वेगळे टाकायला लागलो आहोत.

आणि गॅरेजला गेलात तर भांडू नका, पण विचारा. कोणता सिलिंडर? स्कॅनरमध्ये काय नोंद आली? चारही सिलिंडरचा दाब किती, आणि ऑइल टाकून पुन्हा मोजला का? काढलेला जुना भाग आम्हाला परत द्या. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे आम्ही नंतर गेलो होतो, राग काढायला नव्हे, चाकांच्या अलाइनमेंटला. त्याला आकडे सांगितले तेव्हा तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, टॅपेट बघायला अर्धा दिवस जातो ताई, लोक तेवढे थांबत नाहीत. त्याचंही पूर्ण खोटं नाही. आम्हीसुद्धा पहिल्या दिवशी थांबलो नसतोच.

आता गाडीच्या वहीत पहिल्या पानावर टॅपेटची तारीख आणि किलोमीटर लिहिलेत, पुढची तपासणी १०,००० किलोमीटरनंतर. चालवणाऱ्या दोघी रोज सकाळी मुली चढायच्या आधी एक मिनिट गाडी उभी ठेवून नुसतं ऐकतात. सोमवारी गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या तीन घरांतल्या दोन मुली आल्या. तिसरी अजून येत नाही. तिच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो, येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.